जुन्नरचा रशियन पाहुणा : अफनासी निकितिन

युरोपातून समुद्रमार्गे हिंदुस्थानात आलेला प्रवासी म्हटला, की आपणांस वास्को द गामाचे नाव आठवते. तो १४९८ मध्ये कालिकतला पोहोचला. त्याच्या सुमारे पाव शतक आधी एक रशियन व्यापारी आपल्या पुणे जिल्ह्यातील जुन्नरला राहून गेला होता. त्या अफनासी निकितिनचे चरित्र आम्ही या स्मरणिकेच्या वाचकांपुढे ठेवीत आहोत.

निकितिन हा व्होल्गाकाठच्या त्वेर नगरीचा. व्यापारासाठी तो नदीमार्गे निघाला. परंतु अस्त्राखानजवळ तातारांनी त्याला लुटले. मालाबरोबर त्याची धर्मग्रंथांची पुस्तकेही गेली. कर्ज डोक्यावर असताना रिकाम्या हाताने घरी परतणे शक्य नव्हते. तो कॅस्पियन समुद्र ओलांडून इराणात उतरला आणि होर्मुझ बंदरातून एक घोडा घेऊन चौलकडे निघाला. सुमारे सहा आठवड्यांच्या सफरीनंतर तो चौलला पोहोचला. हे वर्ष काही अभ्यासक १४६९, तर काही १४७१ मानतात. दख्खनमध्ये घोड्यांची पैदास अल्प असल्याने अरबी-इराणी घोड्यांना मोठी किंमत मिळत असे.

चौलहून पालीमार्गे सह्याद्री चढून तो जुन्नरला आला. डोंगरमाथ्यावरील शहर, तेथे जाणारी अरुंद वाट आणि अखंड पावसाचा चिखल यांची नोंद त्याने केली आहे. येथेच त्याच्यावर कठीण प्रसंग गुदरला. तो मुसलमान नाही, हे कळताच तेथील अधिकारी असदखान याने त्याचा घोडा जप्त केला. धर्म बदलल्यास घोडा आणि वर एक हजार सुवर्णनाणी मिळतील. त्यासाठी मुदत चार दिवसांची. तो घोडा हेच निकितिनचे सारे भांडवल होते. तरीही तो बधला नाही. खुरासानच्या मुहम्मद नावाच्या एका मुसलमान गृहस्थानेच रदबदली करून त्याची सुटका केली व घोडा परत मिळवून दिला. आमच्या मते या चरित्राचा गाभा येथेच आहे. एकाने सद्सद्विवेक विकला नाही आणि दुसऱ्याने परधर्मीयाच्या विवेकाचे रक्षण केले.

पुढे बहामनी राजधानी बीदर येथे त्याने घोडा विकला. श्रीशैलची शिवरात्रीची यात्राही त्याने पाहिली. चांदीच्या पालख्यांतून मिरवणारे सरदार आणि हलाखीत जगणारी खेड्यांतील रयत यांतील अंतर त्याच्या नजरेतून सुटले नाही. येथे चौऱ्याऐंशी पंथ असून ते परस्परांत अन्नपाणी वा विवाहसंबंध ठेवीत नाहीत, हेही त्याने लिहून ठेवले. पाचशे वर्षांपूर्वीच्या परक्या माणसाला दिसलेला हा भेद आजही आपणांस विचार करावयास लावतो.

पुस्तके हरवल्यामुळे आपल्या सणांच्या तिथीही त्याला नेमक्या कळेनाशा झाल्या. अखेर घराच्या ओढीने तो दाभोळहून जहाजात बसला. वाऱ्याने जहाज आफ्रिकेच्या किनाऱ्याकडे नेले. तेथून होर्मुझ, इराण व काळा समुद्र असा प्रवास करून तो स्वदेशाजवळ आला. मात्र त्वेर गाठण्यापूर्वीच स्मोलेन्स्कनजीक त्याचे निधन झाले. त्याची टिपणे मॉस्कोला पोहोचली व तीन समुद्रांपलीकडील प्रवास या नावाने अमर झाली. रेवदंडा येथे आज त्याचे स्मारक उभे आहे.

जुन्नरला परक्यांचे येणे नवे नव्हते. तेथील बौद्ध लेण्यांत इरिल, चिट व चंद या यवनांच्या दानाचे शिलालेख आहेत. जुन्नरची कुकडी घोड नदीस मिळते, घोड शिरूरला स्पर्शून भीमेस मिळते आणि भीमेकाठी दौंड वसले आहे. अशा या खोऱ्यातून शिक्षणासाठी घर सोडून वसतिगृहात आलेल्या आमच्या आजी-माजी विद्यार्थ्यांना निकितिन परका वाटू नये. त्याच्याजवळ धन उरले नाही. उरली ती डोळसपणे पाहण्याची आणि पाहिलेले लिहून ठेवण्याची सवय. तिच्यामुळेच तो आज आपणांस ठाऊक आहे.