तिरपी नळी आणि आचार्य रे

नोकरी मिहानमध्ये, घरी वाळ्याचा अर्क काढायचा उद्योग. (दारू नव्हे हो, विनापरवाना दारू गाळणं गुन्हा आहे.) पहिल्या खेपेला सगळी वाफ सांध्यातूनच निसटली, अर्क आला चमचाभर.

भबक्याचं डिझाइन शेवटी सापडलं ते प्रफुल्लचंद्र रे यांच्याकडे. जन्म १८६१, आजच्या बांगलादेशात. १८८७ मध्ये एडिनबरोची डी.एस्सी., मग कोलकात्यात प्रेसिडेन्सी कॉलेजात प्राध्यापकी. बेंगॉल केमिकल कंपनी उभारली. लग्न केलं नाही. १९०२ मध्ये त्यांच्या हिंदू रसायनशास्त्राच्या इतिहासाचा पहिला खंड आला. 'रसरत्नसमुच्चया'तलं तिर्यक्‌पातन यंत्र मला त्यांच्यामुळे कळलं: पाऱ्याचा घट, गळ्यापासून तिरपी उतरणारी नळी, तिचं टोक दुसऱ्या घटात. सांधे माती-कापडानं लिंपायचे, एका घटाखाली जाळ, दुसरा थंड पाण्यानं गार.

मी सांध्याला नुसतं फडकं गुंडाळलं होतं! आता कणीक लिंपतो, नळी गार पाण्याच्या बादलीतून नेतो. बाहेरचं तोंड मात्र मोकळंच, नाहीतर आत दाब वाढून भांडं फुटायचं.

१९२० ची इंडियन सायन्स काँग्रेस आमच्या नागपुरात भरली, अध्यक्ष रेच होते. १९४४ मध्ये ते गेले.