वस्त्रांतून इतिहास वाचणारे डॉ. मोतीचंद्र

राजा म्हटला की भरजरी अंगरखा आणि राणी म्हटली की शालू, अशी आपली समजूत नाटके-चित्रपट पाहून घडलेली असते. परंतु सातवाहनकाळी राजा कोणती वस्त्रे परिधान करीत असे, हे पुराव्यानिशी कसे सांगावे? अशा प्रश्नांचा शास्त्रशुद्ध शोध घेणाऱ्या विद्वानांत डॉ. मोतीचंद्र यांचे नाव अग्रभागी आहे.

१९०९ साली काशीत, भारतेंदू हरिश्चंद्रांच्या घराण्यात त्यांचा जन्म झाला. लंडन विद्यापीठाची डॉक्टरेट संपादन केल्यानंतर मुंबईचे प्रिन्स ऑफ वेल्स वस्तुसंग्रहालय, म्हणजेच आजचे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, ही त्यांची कर्मभूमी झाली. तेथे ते कलाविभागाचे अभिरक्षक व पुढे संचालक झाले.

वेशभूषेच्या अभ्यासकापुढील मोठी अडचण अशी की, आपल्या उष्ण व दमट हवेत प्राचीन कापड क्वचितच टिकते. म्हणून मोतीचंद्रांनी शिल्प, चित्र आणि ग्रंथ या तिन्ही साधनांची सांगड घातली. भारहूत व सांची येथील शिल्पांतील निऱ्या, कमरपट्टे आणि पागोटी; मथुरेच्या मस्तकहीन कनिष्कमूर्तीचा लांब अंगरखा व जड पादत्राणे; अजिंठ्याच्या भित्तिचित्रांतील शिवलेले कपडे, हे सारे त्यांच्या दृष्टीने पुरावेच होते. अंतरीय, उत्तरीय, कायबंध, उष्णीष, कंचुक हे प्राचीन ग्रंथांतील शब्द त्या पुराव्यांशी ताडून पाहिले, की त्यांचा अर्थ डोळ्यांसमोर उभा राहतो. भारतीय वेश प्राचीन काळापासून एकसारखाच राहिला, ही कल्पना अशा अभ्यासापुढे टिकत नाही. व्यापार, राज्यांतरे आणि परकीयांचा सहवास यांनी तो सतत बदलत गेला.

विशेष म्हणजे इंग्रजीवर प्रभुत्व असूनही ‘प्राचीन भारतीय वेशभूषा’ हा ग्रंथ त्यांनी हिंदीत लिहिला. स्वभाषेत गंभीर संशोधन होऊ शकते, याचा हा सबळ दाखला आहे. महाराष्ट्राबाहेर राहूनही पाल्यांना मराठी माध्यमात घालणाऱ्या पालकांना त्याचे मोल वेगळे सांगावयास नको. १९७४ साली मोतीचंद्रांचे निधन झाले.

माजी विद्यार्थ्यांना व पालकांना एक विनंती करावीशी वाटते. घरातील आजीचे लुगडे, खणाची चोळी किंवा आजोबांचे उपरणे टाकून देऊ नका. ते कोणी, कोणत्या गावी, कोणत्या प्रसंगी नेसले वा पांघरले, हे मराठीत लिहून त्यासोबत जपून ठेवा. कापड विरेल, त्याआधी त्याचे नाव विसरले जाईल. आणि नाव हरपलेल्या वस्त्राची ओळख पटविणे पुढील अभ्यासकाला फार कठीण जाते.