भातखंडे वकिलांची स्वरलिपी

छापील संगीत स्कॅन करून त्याची वाजणारी फाईल बनवायची, हा विषय तसा जुना आहे. एमआयटीत डेनिस प्रस्लिन यांनी १९६६ मध्येच त्यावर प्रबंध लिहिला. १९८४ मध्ये जपानच्या वासेदा विद्यापीठाचा वाबोट-२ हा यंत्रमानव कॅमेऱ्याने पान वाचून ऑर्गन वाजवत होता. आज ऑडिव्हेरिससारखं ओपन सोर्स सॉफ्टवेअर कुणीही फुकट उतरवून घेतं. पानावरच्या पाच आडव्या रेघा शोधायच्या, त्यांवरची चिन्हं ओळखायची, की झाली म्युझिक-एक्सएमएल फाईल तयार.

आम्ही फायनल इयर प्रोजेक्टला जे पान घेतलं, त्यावर या पाच रेघाच नाहीत! ते पान आहे पंडित विष्णु नारायण भातखंडे यांच्या क्रमिक पुस्तक मालिकेतलं. प्रोग्राम लिहिता लिहिता मी त्यांचं चरित्र वाचायला घेतलं आणि दोन रात्री कोड तसाच पडून राहिला.

मला वाटायचं, एवढी पुस्तकं लिहिणारा माणूस म्हणजे कुणीतरी खानदानी गवई असणार. छे! हा माणूस वकील. जन्म १० ऑगस्ट १८६०, मुंबईत वाळकेश्वरला. १८८५ ला बीए, १८८७ ला एलएलबी. काही काळ कराचीत वकिली, मग मुंबईत. लहानपणी बासरी, पुढे सतार. गायन उत्तेजक मंडळी नावाची पारशी मंडळींनी चालवलेली संस्था होती, तिथे त्यांनी बऱ्याच उस्तादांकडून धृपद आणि ख्याल शिकून घेतले. थोडक्यात, दिवसा कोर्ट आणि संध्याकाळी गाणं.

१९०० मध्ये त्यांची पत्नी गेली. १९०३ मध्ये एकुलती एक मुलगी गेली. चरित्रात या दोन गोष्टी दोन ओळींत येतात आणि पुढच्याच ओळीत १९०४ चा दक्षिणेचा दौरा सुरू होतो. मी तिथेच थांबलो होतो. चाळिशी ओलांडलेला, घरात कुणी न उरलेला माणूस वही घेऊन रेल्वेत बसतो आणि गावोगाव गवयांना, पंडितांना प्रश्न विचारत फिरतो. एट्टयपुरमला सुब्बराम दीक्षितरांना भेटतो, व्यंकटमखीच्या ग्रंथातली बहात्तर मेळांची मांडणी अभ्यासतो. (त्यातूनच पुढे त्यांचे दहा थाट आले.) मग पूर्वेचा दौरा, उत्तरेचा दौरा, रामपूर, जयपूर. काही वर्षांनी वकिलीही सोडली. कुणी याला संगीतसेवा म्हणेल. मला त्यात रिकामं घर टाळणंही दिसतं, पण हे माझं मत.

अडचण काय होती, तर बंदिश ही घराण्याची इस्टेट. बापाने मुलाला द्यायची, फार तर लाडक्या शिष्याला. उस्ताद गेला की त्याच्याबरोबर चिजाही गेल्या, बॅकअप शून्य. लिहून घ्यायचं म्हटलं की अनेकांना ती चोरीच वाटे. आणि त्यांचंही अगदी चूक नव्हतं, पोट त्यावरच होतं ना! भातखंड्यांनी कुणाकडे शिष्य म्हणून बसून, कुणाला राजेरजवाड्यांकरवी गळ घालून हजाराहून जास्त बंदिशी मिळवल्या आणि छापून चारचौघांच्या हातात दिल्या.

त्यांच्या आधी कुणी लिहितच नव्हतं असं नाही. बंगालमध्ये क्षेत्रमोहन गोस्वामी, बडोद्यात मौलाबक्ष यांनी लिप्या केल्या होत्या. विष्णु दिगंबर पलुस्करांची तर बारीकसारीक चिन्हांची वेगळीच लिपी होती. भातखंड्यांची लिपी टिकली ती सोपी म्हणून. अक्षर आपलं नेहमीचं देवनागरी. कोमल स्वराच्या खाली आडवी रेघ, तीव्र मध्यमाच्या डोक्यावर उभी रेघ. मंद्राला खाली टिंब, तारसप्तकाला वर टिंब. एका मात्रेत दोन-चार स्वर असतील तर खाली कंस. समेला फुली, खालीला शून्य. शाळेतलं पोर अर्ध्या तासात वाचायला लागतं.

कॉम्प्युटर मात्र इथेच गटांगळ्या खातो. वर टिंब असलेला ग आमच्या देवनागरी ओसीआरला गं वाटतो, खालचं टिंब म्हणजे नुक्ता. त्यात स्वरांच्या खालच्या ओळीत गाण्याचे शब्द, आणि तिथला अनुस्वार खराच अनुस्वार! म्हणून आधी ओळ कुठली ते ठरवायचं, मगच टिंबाचा अर्थ लावायचा. युरोपियन नोटेशनमध्ये स्वराची उंची ठरलेली असते; इथे सा कुठला, हे पान सांगतच नाही. तो गाणाऱ्याने ठरवायचा. फाईल वाजवण्याआधी आमचा प्रोग्राम युजरलाच सा विचारतो.

एवढं करून दरबारी कानड्याचं एक पान वाजवलं. स्वर बरोबर, मात्रा बरोबर, आणि दरबारी गायब. त्या रागातला कोमल गांधार झुलत येतो, आमचा नुसता उभा राहतो. विंगेतल्या तबलजी मित्राने ऐकून फक्त मान हलवली. भातखंड्यांना हे ठाऊक नव्हतं असं मला वाटत नाही. पुस्तकाचं नावच क्रमिक. समोर शिक्षक आहे, तो गाऊन दाखवणार आहे, हे धरूनच ती मालिका रचलेली आहे. म्हणून तर नुसती पुस्तकं छापून ते थांबले नाहीत. १९१६ मध्ये सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने बडोद्याला पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरवली, १९१८ मध्ये ग्वाल्हेरला माधव संगीत महाविद्यालय, १९२६ मध्ये लखनौला मॅरिस कॉलेज. लखनौच्या त्या कॉलेजचं आज विद्यापीठ झालंय, त्यांच्याच नावाचं. त्यांचे शिष्य श्रीकृष्ण रातंजनकर तिथे अनेक वर्षं प्राचार्य होते. स्वतः रचलेल्या लक्षणगीतांत त्यांनी आपलं नाव घातलं नाही, चतुर हे टोपणनाव घातलं.

१९३३ मध्ये अर्धांगवायू झाला, मांडीचं हाड मोडलं, आणि पुढची तीन वर्षं अंथरुणावर गेली. १९ सप्टेंबर १९३६ ला मुंबईत त्यांचं निधन झालं, त्या दिवशी गणेश चतुर्थी होती. मालिकेचे शेवटचे भाग छापून आले ते त्यानंतर, १९३७ मध्ये. आमचं स्कॅनिंग सध्या दुसऱ्या भागावर आहे.