टपाल घेऊन उडालेले जे. आर. डी. टाटा

सातारा/सांगली : मुंबईपासून कर्नाटकातल्या बेल्लारीपर्यंत नकाशावर सरळ रेघ ओढली, तर ती खटाव, विटा, कवठेमहांकाळ या भागाजवळून जाते. ऑक्टोबर १९३२ मध्ये याच दिशेनं टपालाच्या थैल्या घेऊन एक छोटं विमान मद्रासला निघालं. ती थैली मुंबईपर्यंत आणली होती जे. आर. डी. टाटा यांनी.

जे. आर. डीं.चा जन्म २९ जुलै १९०४ चा, पॅरिसमधला. आई फ्रेंच. लहानपणी फ्रान्सच्या किनाऱ्यावर त्यांनी ब्लेरिओ यांची विमानं पाहिली आणि उडायचं वेड लागलं ते कायमचं. १० फेब्रुवारी १९२९ रोजी त्यांना भारतातला पहिला वैमानिक परवाना मिळाला.

१९३० मध्ये भारत-इंग्लंड एकट्यानं उडण्याची आगाखान शर्यत होती. वाटेत इजिप्तमध्ये त्यांचे प्रतिस्पर्धी अस्पी इंजिनीअर स्पार्क प्लगअभावी अडकून पडले होते. जे. आर. डीं.नी आपल्याजवळचा प्लग देऊन टाकला. शर्यत अस्पींनी थोडक्यात जिंकली. हेच अस्पी पुढं हवाई दलाचे प्रमुख झाले.

हवाई टपालाची कल्पना मुळात ब्रिटिश वैमानिक नेव्हिल विंटसेंट यांची. लंडनचं टपाल विमानानं कराचीपर्यंत यायचं; तिथून पुढं नेणारं कुणी नव्हतं. सरकारनं अनुदान दिलं नाही. जेवढं टपाल न्यायचं, तेवढेच पैसे. १५ ऑक्टोबर १९३२ ला पहाटे जे. आर. डी. कराचीहून एकटेच निघाले. विमानात रेडिओ नव्हता. अहमदाबादला पेट्रोलचे डबे चक्क बैलगाडीतून आले. दुपारी दोनच्या आत ते जुहूला उतरले. तिथून पुढं बेल्लारीमार्गे मद्रासला विंटसेंट गेले.

जुहूचं मैदान पावसाळ्यात पाण्याखाली जायचं. मग सगळा बाडबिस्तरा पुण्याला हलवायचा, पण टपाल थांबू द्यायचं नाही. पहिल्या पूर्ण वर्षात दहा टनांहून जास्त टपाल पोचलं, तेही वेळेवर. याच सेवेतून पुढं १९४६ मध्ये एअर इंडिया उभी राहिली.

१९५३ मध्ये कंपनी सरकारची झाली. अध्यक्ष मात्र तेच राहिले. १९७८ मध्ये सरकारनं त्यांना पदावरून दूर केलं. तरी १९८२ मध्ये, वयाच्या ७८ व्या वर्षी, त्यांनी जुन्या छोट्या विमानातून कराची ते मुंबई हा प्रवास पुन्हा एकट्यानं केला. २९ नोव्हेंबर १९९३ रोजी जिनिव्हात त्यांचं निधन झालं.