महेश्वरच्या घाटावर

महाशिवरात्रीस नर्मदाकाठच्या महेश्वर या लहानशा गावी यात्रेकरूंची दाटी होते. किल्ल्याच्या तटाखाली दगडी घाटांवर स्नाने चालतात. वर राजवाड्यात अहिल्याबाई होळकरांची साधी गादी आहे. तिच्यापुढे उभे राहिले असता आम्हां परप्रांतस्थ मराठी माणसांच्या मनात येते की, या बाईही आमच्यासारख्याच गाव सोडून दूर आलेल्या.

१७२५ साली चौंडी या खेड्यात त्यांचा जन्म झाला. १७५४ साली कुंभेरीच्या वेढ्यात पती खंडेराव पडले. १७६६ त सासरे मल्हारराव व १७६७ त पुत्र मालेराव निवर्तले. मग राज्याची धुरा स्वतः घेऊन त्यांनी महेश्वर ही राजधानी केली. घाट व देवालये बांधविली, विणकर आणून वसविले. महेश्वरी लुगड्यांचे माग तेथे आजही चालतात. काशीविश्वेश्वराचे देवालयही त्यांनीच पुन्हा उभारले. १७९१ साली कन्या मुक्ताबाई सती गेली. तिला आवरणे आईला साधले नाही. तरीही कारभार त्यांनी सोडला नाही. १३ ऑगस्ट १७९५ रोजी महेश्वर येथेच त्यांचे देहावसान झाले.

घर रिते होत गेले, आणि त्यांनी गाव भरले. आम्ही मात्र सुटी मिळताच मूळ गावाकडे धावतो. राहतो त्या मुलखातील जत्रा पाहावयाच्या राहूनच जातात. एखाद्या शिवरात्रीस मुलाबाळांसह महेश्वरी जावे. तो उत्सव आम्हांस परका वाटणार नाही.