रावळगावची गोळी आणि वालचंद हिराचंद

दर वर्षी जूनमध्ये शाळा उघडली, की महाराष्ट्रातील आजोळाहून परतलेल्या मुलांच्या दप्तरांतून रावळगावच्या गोळ्या निघत. रंगीत कागद सोडवून गोळी गालात ठेवली, की सरलेली सुट्टी आणखी काही क्षण लांबे. झेंडावंदनानंतर ओंजळीत पडणारीही बहुधा तीच असे. ती चव विसरलेला माजी विद्यार्थी मला अद्याप भेटलेला नाही. परंतु गोळीमागचा माणूस फारच थोड्यांना ठाऊक असतो. तिच्यावर नाव होते ते गावाचे.

वालचंद हिराचंद दोशी यांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापुरात, गुजराती जैन व्यापारी घराण्यात झाला. थोड्याच दिवसांत मातृछत्र हरपले. महाविद्यालयीन शिक्षण अपुरे राहिले. (मुख्याध्यापिकेने हे नोंदवावे का, असा क्षणभर विचार केला, पण खरे ते लिहिलेच पाहिजे.) पिढीजात कापसाच्या व्यापारात त्यांचे मन रमेना. रेल्वेतील माजी कारकून लक्ष्मणराव फाटक यांच्याशी भागीदारी करून त्यांनी लोहमार्गाची कंत्राटे घेतली. १९१९ मध्ये ग्वाल्हेरच्या शिंदे सरकारांकडून ‘लॉयल्टी’ हे जहाज खरेदी केले गेले. ५ एप्रिल रोजी ते मुंबईहून लंडनला निघाले. तोच दिवस आज राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो.

नाशिक जिल्ह्यात मालेगावजवळील रावळगावची जमीन खडकाळ, नापीक होती. तेथे वालचंदांनी ऊस पिकविला आणि १९३३ मध्ये साखरेची कंपनी उभी राहिली. गोळ्यांचे उत्पादन १९४२ मध्ये सुरू झाले. हे साल मला फार बोलके वाटते. डिसेंबर १९४० मध्ये बंगळूर येथे त्यांनी म्हैसूर संस्थानाच्या साहाय्याने विमानांचा कारखाना काढला होता. महायुद्धामुळे सरकारने तो १९४२ मध्येच त्यांच्याकडून घेतला. विमान हातचे गेले, त्याच वर्षी गोळी हाती आली! विशाखापट्टणम येथील त्यांच्या जहाजबांधणी कारखान्यातून ‘जलउषा’ १९४८ मध्ये पाण्यात उतरली. पुढे १९५२ मध्ये तो कारखानाही बव्हंशी सरकारकडे गेला. तत्पूर्वीच, १९४९ मध्ये, पक्षाघाताने त्यांना अंथरुणास खिळविले होते. ८ एप्रिल १९५३ रोजी गुजरातेतील सिद्धपूर येथे त्यांचे निधन झाले.

गोळी मात्र राहिली. पुढे ‘पान पसंद’ आली आणि मुलांबरोबर मोठ्यांचेही गाल फुगले. २०२४ च्या फेब्रुवारीत ही सारी नावे २७ कोटी रुपयांना रिलायन्स समूहाच्या कंपनीकडे गेली. ती बातमी आली, त्या दिवशी आमच्या शिक्षक-कक्षात मधल्या सुट्टीभर दुसरा विषय निघाला नाही. नारिंगी चांगली की लिंबाची, यावरून दोन ज्येष्ठ शिक्षिकांत चक्क वाद झाला आणि तासाची घंटा दोघींनाही ऐकू आली नाही.