बास्करव्हिलची अक्षरे

जॉन बास्करव्हिलचे आयुष्य वाचताना मला हळहळ वाटते. बर्मिंगहॅममध्ये सुलेखन शिकवणारा हा माणूस रोगणकामाच्या धंद्यात श्रीमंत झाला आणि १७५०च्या सुमारास छपाईचे खिळे घडवू लागला. अक्षरांत जाड-बारीक रेषांचा तोल, टोकांना रेखीव सेरिफ, गुळगुळीत कागदावर काळीभोर शाई! १७५७ साली त्याने व्हर्जिल छापला. यामुळे डोळे बिघडतील, अशी ओरड झाली. बेंजामिन फ्रँकलिनने एका टीकाकारापुढे कॅसलनच्या अक्षरांचा नमुना बास्करव्हिलचा म्हणून ठेवला. गृहस्थाने त्यातही दोष काढले! ज्या अक्षरांवर तो जन्मभर सुखाने वाचत आला, तीच ती. बास्करव्हिल १७७५ साली वारला. पत्नीने खिळे फ्रान्सला विकले. १९२३ साली मोनोटाइपने इंग्लंडमध्ये ते वळण पुन्हा घडवले. आज त्यात छापलेली पुस्तके आपण सहज वाचतो. डोळ्यांची तक्रार कोणी करत नाही.